टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या ढीगभर फाइली स्क्रिप्टवर कशा सोपवाव्यात

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात, कारण ही सेवा ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं भाडं नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच साध्या सेट टॉप बॉक्सना यूएसबीची खाच असते. तिथे पेन ड्राइव्ह लावायचा आणि रिमोटवरचं रेकॉर्डचं बटण दाबायचं, की सह्याद्रीवरचं कीर्तन किंवा नाट्यसंगीताची मैफल साठवली जाते. काहीजण संगणकालाच ट्यूनर जोडतात आणि टीव्हीहेडएंडसारख्या मोफत प्रणालीला वेळापत्रक देऊन ठेवतात.

रेकॉर्डिंग सोपं आहे, म्हणून ते साठत जातं. मग हार्ड डिस्क भरते, नातवाच्या मोबाइलवर ती फाइल उघडत नाही, आणि फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे. दहा-बारा फाइली असतील तर हँडब्रेकसारखं एखादं सॉफ्टवेअर उघडून एकेक बदलून घ्यावी, त्यात काही वावगं नाही. पण फाइली शेकड्यांत गेल्या की माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेल्या हातून चुकीची फाइल डिलीट होते. अशा वेळी काम शेल स्क्रिप्टकडे, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांच्या फाइलीकडे, द्यावं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. फाइल बदलण्याची आज्ञा एका ओळीची असते आणि ती कुठेही मिळते. स्क्रिप्टमधल्या बाकीच्या ओळी असतात त्या मूळ रेकॉर्डिंग आपल्या हातून नाहीसं होऊ नये म्हणून, आणि खरी मेहनत त्याच ओळींवर घ्यायची. टीव्हीवरचा कार्यक्रम परत लागेलच असं नाही. कळव्याच्या एका आजींच्या भावाने सह्याद्रीच्या एका कार्यक्रमात पखवाजाची साथ केली होती. ते रेकॉर्डिंग त्यांच्या पेन ड्राइव्हवर आहे. पेन ड्राइव्ह माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "बाकी सगळं गेलं तरी चालेल रे, पण दादाचा पखवाज तेवढा जाऊ देऊ नकोस." मी म्हटलं, "नाही आजी, मूळ फाइलला हातच लावत नाही." पुढचं सगळं या एका वाक्याच्या आधाराने वाचा.

आता त्या फाइलीत असतं काय ते पाहू. सेट टॉप बॉक्स बहुधा हवेतून येणारा प्रवाह आहे तसाच डिस्कवर उतरवतो. त्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात आणि फाइलीच्या नावाच्या शेवटी 'टीएस' असतं. हा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांचा असतो. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ठरलेला, ७१ या आकड्याचा. त्यामुळे टीव्ही मध्येच चालू केला तरी पाकीट कुठे सुरू होतं ते त्याला लगेच सापडतं. पाकिटावर आणखी दोन नोंदी असतात: ते चित्राचं की आवाजाचं हे सांगणारा क्रमांक, आणि ० ते १५ असा फिरत राहणारा मोजणीचा आकडा. जुलैत घोडबंदरच्या बाजूने पाऊस भरून आला की सिग्नल तुटतो, काही पाकिटं हरवतात, आणि मोजणीत पाचनंतर एकदम नऊ येतो. पडद्यावर चौकोन फुटतात ते त्यामुळे. अशी जखमी फाइल स्क्रिप्टला कधी ना कधी भेटणारच.

या रचनेचा फायदा असा की टीएस फाइल कुठेही तोडली तरी चालते. एमपी४चं तसं नाही. तिची अनुक्रमणिका सगळं काम संपल्यावर शेवटी लिहिली जाते, आणि ती लिहिली जाण्याआधी वीज गेली तर पाऊण तासाचं चित्र डिस्कवर असूनही फाइल उघडतच नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'कन्व्हर्ट करणं' म्हणून आपण दोन वेगळी कामं एकाच नावाने ओळखतो, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. भाजी तीच ठेवून ती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात काढणं वेगळं आणि भाजी नव्याने करणं वेगळं. टीएस, एमपी४, एमकेव्ही हे डबे आहेत. आत चित्र एमपेग-२ पद्धतीने बांधलेलं असतं किंवा एच.२६४ पद्धतीने. नुसता डबा बदलायला तासाच्या कार्यक्रमाला मिनिटभरही पुरतं आणि चित्राचा दर्जा कणभरही घटत नाही. चित्र नव्याने बांधायला मात्र जुन्या लॅपटॉपवर तासभरही लागू शकतो, आणि दर्जा थोडा का होईना, उतरतोच.

म्हणून स्क्रिप्टने पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आत काय आहे? एफएफएमपेगसोबत येणारं एफएफप्रोब हे छोटं साधन ते सांगतं. एफएफएमपेग हा २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला मुक्त प्रकल्प. फाइल बदलणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात तोच काम करत असतो. आतलं चित्र एच.२६४ असेल तर फक्त डबा बदला, त्यासाठी 'कॉपी'चा पर्याय आहे. एमपेग-२ असेल तर ठरवावं लागतं. ही पद्धत नव्वदच्या दशकातली. तिला जागा जास्त लागते आणि मोबाइलच्या नेहमीच्या प्लेअरवर ती अनेकदा चालत नाही. साधा हिशोब करू. वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर सेकंदाला अर्धा मेगाबाइट, म्हणजे तासाला १.८ गिगाबाइट. तेच चित्र २००३ साली आलेल्या एच.२६४ मध्ये नीट बांधलं तर साधारण निम्म्या जागेत किंवा त्याहूनही कमी जागेत बसतं.

चित्र नव्याने बांधताना आपल्याकडच्या प्रसारणाची एक खासियत सांभाळावी लागते. साध्या वाहिन्यांचं चित्र ५७६ ओळींचं असतं, पण ते एका वेळी पूर्ण येत नाही. आधी एक आड एक अशा निम्म्या ओळी, मग उरलेल्या निम्म्या. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. जुन्या टीव्हीला हे बरोबर जमायचं. संगणकाच्या पडद्यावर मात्र हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या काढायला एफएफएमपेगमध्ये यादिफ आणि बीडब्ल्यूडिफ नावाच्या गाळण्या आहेत. या गाळण्या दोन अर्ध्यांचं एक करून सेकंदाला २५ पूर्ण चित्रं देऊ शकतात, किंवा प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र करून ५०. मुलाखत, कीर्तन, बातम्या यांना २५ पुरतात. कबड्डीचा सामना, लावणी किंवा तबल्यावर पळणारी बोटं असतील तर ५० ठेवा, फाइल थोडी मोठी झाली तरी. २५ वर आणलं की हालचालीतला तो सळसळता सलगपणा निघून जातो आणि नंतर कुठल्याही उपायाने परत येत नाही. पखवाजाच्या फाइलीबाबत हे मी फार मनावर घेतलं.

दर्जासाठी सीआरएफ नावाचा एक आकडा असतो, आकडा लहान तितका दर्जा चांगला. एच.२६४ चित्र बांधणाऱ्या एक्स२६४ या साधनाला काही सांगितलं नाही तर तो २३ धरला जातो. टीव्हीवरच्या रेकॉर्डिंगला मी २० ठेवतो, कारण मूळ चित्र आधीच दाबून पाठवलेलं असतं, त्यावर आपण आणखी कंजुषी कशाला करायची? आवाज बहुधा एमपेगच्या जुन्या दुसऱ्या थराचा असतो, तो एएसी या आवाजाच्या नव्या पद्धतीत न्यावा. मात्र एकाच वाहिनीवर दोन भाषांचे आवाज असतील तर एफएफएमपेग न विचारता एकच उचलतं. सगळे हवे असतील तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

आता स्क्रिप्ट. बॅश हे १९८९ साली आलेलं शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आहे आणि बहुतेक लिनक्स संगणकांवर ते आधीपासूनच असतं. स्क्रिप्ट म्हणजे आपण टर्मिनलमध्ये एकेक टाइप केल्या असत्या त्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवणं. माझी स्क्रिप्ट मराठीत वाचली तर अशी ऐकू येईल:

कुलूप आधीच लागलेलं असेल तर काही न करता बाहेर पड.
रेकॉर्डिंगच्या फोल्डरमधली, गेल्या अर्ध्या तासात न बदललेली प्रत्येक टीएस फाइल घे.
तिची नवी प्रत तयार असेल तर पुढच्या फाइलीकडे जा.
आत काय आहे ते पाहून डबा बदल, नाहीतर चित्र नव्याने बांध, पण तात्पुरत्या नावाने.
काम बिनचूक झालं का ते विचार. नसेल तर तात्पुरती फाइल काढ, नोंद कर, पुढे जा.
दोन्ही फाइलींची लांबी जुळते का ते बघ. जुळली तर नव्या फाइलीला खरं नाव दे.
मूळ फाइल 'निवृत्त' फोल्डरमध्ये हलव.

सात ओळींच्या या निरोपात प्रत्येक अट कशासाठी आहे ते आता बघू.

अर्ध्या तासाची अट असते ती चालू असलेलं रेकॉर्डिंग वाचवायला. रात्रीचं नाटक अजून रेकॉर्ड होतंय आणि स्क्रिप्टने तीच फाइल उचलली तर अर्धं नाटक बदलून मिळेल, आणि स्क्रिप्ट ते पूर्ण समजेल. 'फाइंड' या आज्ञेला 'इतक्या मिनिटांत न बदललेल्या फाइलीच दे' असं सांगता येतं.

कुलूप लागतं ते दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून. रात्री सुरू झालेलं काम दुसऱ्या रात्रीपर्यंत संपलं नाही, तर दुसरी फेरी त्याच फाइलीवर तेच काम करायला लागते. अनेकजण 'चालू आहे' अशी खुणेची रिकामी फाइल करून ठेवतात. पण वीज गेली की ती खूण मागे राहते आणि स्क्रिप्ट पुढे कधीच चालत नाही. 'एफलॉक' ही आज्ञा वापरावी. ते कुलूप प्रणाली स्वतः सांभाळते आणि काम मेलं की आपोआप उघडते.

तात्पुरतं नाव का, ते एमपी४च्या अनुक्रमणिकेने सांगितलंच आहे. अर्धवट फाइलीला खरं नाव मिळालं तर पुढच्या फेरीत स्क्रिप्ट तिला पाहून 'हे झालेलं आहे' म्हणेल आणि ते नुकसान कुणाच्या लक्षातही येणार नाही. एकाच डिस्कवर नाव बदलणं हे एका क्षणात, पूर्णच्या पूर्ण होणारं काम आहे, अर्धवट होत नाही. म्हणून खरं नाव द्यायचं ते शेवटीच. फक्त तात्पुरत्या नावाच्या अखेरीलाही 'एमपी४' असू द्या, कारण एफएफएमपेग शेवटच्या अक्षरांवरूनच डबा ओळखतं.

फाइलींच्या नावांतल्या मोकळ्या जागा हा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा सर्वात जुना त्रास. 'कीर्तन रविवार सकाळ' असं नाव ज्या चलात (स्क्रिप्टमध्ये मजकूर साठवायच्या नावाच्या कप्प्यात) आहे ते अवतरणचिन्हांशिवाय वापरलं तर शेलला तीन फाइली दिसतात आणि तीनही सापडत नाहीत. चल जिथे जिथे वापराल तिथे तिथे त्याला दुहेरी अवतरणचिन्हं द्या, नावात मोकळी जागा नसली तरी. मराठीत नावं द्यायला हरकत काहीच नाही, मी देतो. एवढंच की लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे ८५ चिन्हांत आटपावं लागतं.

यानंतरचा एक घोटाळा असा आहे की कारण माहीत नसेल तर माणूस रात्र घालवतो. फाइलींची यादी ओळीओळीने वाचत जाणारी फेरी (लूप) स्क्रिप्टमध्ये लिहिली, चालवली, पहिली फाइल छान बदलली, आणि दुसऱ्या फाइलीला स्क्रिप्ट म्हणते 'अशी फाइल नाही'. नीट पाहिलं तर नावातली सुरुवातीची काही अक्षरं गायब. ती एफएफएमपेगने खाल्लेली असतात. काम चालू असताना कळ दाबून थांबवता यावं म्हणून ते कीबोर्डकडे कान लावून बसतं, आणि फेरीच्या आत त्याच वाटेने आपली यादी येत असते. 'नो-एसटीडीइन' हा पर्याय दिला की ते ऐकणं सोडतं. स्क्रिप्टमध्ये एफएफएमपेग जिथे असेल तिथे हा पर्याय डोळे झाकून घाला.

काम बिनचूक झालं का, हे दोन पातळ्यांवर विचारायचं. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. पण एफएफएमपेग जखमी फाइलीवरही शून्य देऊ शकतं, कारण खराब पाकिटं गाळून ते पुढे जातं. म्हणून दुसरी पातळी लांबीची: मूळ कार्यक्रम ५८ मिनिटांचा आणि नवा ४१ मिनिटांचा असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. दोन-तीन सेकंदांचा फरक मी सोडून देतो. त्याहून मोठा फरक आला की मूळ फाइल जागेवरच राहते आणि नोंदवहीत तिचं नाव येतं. मात्र कधीकधी मूळ फाइलच स्वतःची लांबी भलतीच सांगते. प्रसारणातलं घड्याळ ३३ बिटांचं असतं आणि सेकंदाला ९०,००० ठोके मोजतं, त्यामुळे साडेसव्वीस तासांनी ते पुन्हा शून्यावर येतं. तुमचा कार्यक्रम नेमका त्या वेळी सुरू असेल तर तासाभराची फाइल सव्वीस तासांची दिसू शकते. अशा फाइलीचा निर्णय स्क्रिप्टने घेऊ नये. ती माणसाने उघडून बघावी.

'निवृत्त' फोल्डरबद्दल मी आग्रही आहे. मूळ फाइल स्क्रिप्टने कधीही थेट डिलीट करू नये. तीसेक दिवस बाजूला राहू द्यावी, दरम्यान नवी फाइल कुणीतरी पाहून घ्यावी, आणि मग 'तीस दिवसांपेक्षा जुन्या फाइली काढ' अशी वेगळी आज्ञा चालवावी. यात एक सापळा आहे. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तरी तिच्यावरची बदलाची तारीख जुनीच राहते. गेल्या दिवाळीचं रेकॉर्डिंग आज हलवलं तर ते आजच 'तीस दिवसांपेक्षा जुनं' ठरतं आणि त्याच रात्री जातं. हलवल्याबरोबर 'टच' आज्ञेने आजची तारीख लावली की हा धोका संपतो.

पेन ड्राइव्हवर मोठे कार्यक्रम तुकड्यांत मिळतात, कारण फॅट-३२ पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. आपल्या मघाच्या हिशोबाने तीन तासांचं संगीत नाटक दोन तास वीस मिनिटांच्या आसपास तुटतं. टीएसचे तुकडे 'कॅट' या साध्या आज्ञेने एकामागोमाग एक जोडले तरी बहुधा सुरळीत चालतात, म्हणून ते बदलण्याआधी जोडावेत. क्रम तेवढा तपासा, नावांत नुसते आकडे असतील तर दहावा तुकडा दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो.

स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप सुरू करायला क्रॉन आहे. आज्ञा कुठे सापडतात त्या वाटा क्रॉनला आपल्या टर्मिनलइतक्या माहीत नसतात, तेव्हा एफएफएमपेगचा पूर्ण पत्ता लिहा. 'नाइस' आज्ञेने काम खालच्या प्राधान्यावर ठेवा, म्हणजे घरात कुणी त्याच संगणकावर काही करत असेल तर अडणार नाही. एका वेळी एकच फाइल पुरे. एफएफएमपेग एका फाइलीसाठीही प्रोसेसरचे सगळे गाभे वापरतं, आणि ठाण्याच्या मे महिन्यात लॅपटॉप आधीच तापलेला असतो.

कायद्याचंही पाहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करू देतं. ते यूट्यूबवर चढवणं किंवा सोसायटीच्या ग्रुपवर वाटणं त्यात बसत नाही. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग बहुधा सांकेतिक रूपात साठवलेलं असतं आणि त्या बॉक्सबाहेर चालत नाही. ते कुलूप फोडण्याच्या वाटेला जाऊ नका, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-अ त्याच्यासाठीच आहे.

पहिल्यांदा चालवताना स्क्रिप्टला खरं काम करू देऊ नका. प्रत्येक आज्ञेच्या आधी 'एको' लावलं की ती आज्ञा चालत नाही, नुसती पडद्यावर लिहिली जाते. ती यादी शांतपणे वाचा: नावं पूर्ण आहेत का, फोल्डर बरोबर आहेत का, कुठे रिकामं चल तर नाही ना. काहीच मूल्य न दिलेल्या चलावर काम थांबवणारा 'सेट वजा यू' सुरुवातीलाच लिहून टाका, नाहीतर फोल्डरचं नाव रिकामं राहून डिलीटची आज्ञा भलतीकडेच चालेल. मग तीन-चार फाइलींच्या नकला वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन खरी फेरी करा. त्यात एक मोकळ्या जागेच्या नावाची, एक पावसात रेकॉर्ड झालेली आणि एक तुकड्यांतली असू द्या. आजींच्या पखवाजाची टीएस फाइल मात्र मी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये ठेवलीच नाही. तिच्या दोन नकला दोन वेगवेगळ्या डिस्कवर आहेत, आणि मोबाइलवर ऐकायची एमपी४ हाताने केलेली आहे, सेकंदाला ५० चित्रांची.